चाकाचे बेअरिंग पुन्हा पुन्हा का जाते?

धान्याचा व्यापार तराजूवर चालतो असे आपण म्हणतो. वस्तुतः तो चाकावर चालतो. वारासिवनी, कटंगी, लालबर्रा, बैहर या भागांतील धान शेतकऱ्याच्या खळ्यावरून गिरणीत, गिरणीतून गोदामात आणि गोदामातून गोंदिया, नागपूर, जबलपूर या बाजूंना जाते ते चाकावरच. हंगामाच्या दिवसांत एका गाडीचे एक चाक वाटेत बसले, तर हमालांचा रोज बुडतो, गिरणीतील पाळी जाते आणि ताडपत्रीखालचा माल रात्रभर रस्त्यावर राहतो. हे नुकसान रुपयांत मोजता येते. परंतु बैहरच्या घाटात, उतारावर, चाक तापून जखडले किंवा हबसकट निखळले, तर त्याची किंमत चालकाला, त्याच्या मदतनिसाला अथवा समोरून येणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाला द्यावी लागते. ती कोणत्याही वहीत जमा-खर्च करता येत नाही.

बेअरिंग एकदा गेले तर ती झीज समजावी. त्याच जागी दुसऱ्यांदा गेले तर त्यास कारण आहे असे समजावे. तिसऱ्यांदा गेले आणि तरीही आपण केवळ नवे आणून बसवले, तर दोष यंत्राचा नसून मालकाचा होय. दुर्दैवाने आपल्याकडील रीत निराळी आहे. बेअरिंग गेले की दुकानदाराला दोष द्यावयाचा, पुन्हा गेले की चालकाच्या पगारातून पैसे कापावयाचे, आणि गाडी परत रस्त्यावर सोडावयाची. गोदामाच्या एकाच कोपऱ्यातील पोत्यांना वरचेवर भोके पडू लागली, तर आपण दरवेळी नुसता बारदाना बदलत नाही. उंदराचे बीळ शोधतो. हीच बुद्धी चाकाच्या बाबतीत वापरावी, एवढेच या लेखाचे सांगणे आहे.

बेअरिंगचे काम

जुन्या बैलगाडीत लाकडी तुंबा लोखंडी आखावर प्रत्यक्ष घासत फिरे. म्हणून गाडीवान गाडीला वंगणाची नळी टांगत असे आणि वंगण संपले की चाक करकरू लागे. बेअरिंगने घासण्याच्या जागी घरंगळणे आणले. दोन पोलादी कड्यांमध्ये गोळ्या किंवा रोलर ठेवले की भार घरंगळत पुढे सरकतो व घर्षण पुष्कळ कमी होते.

मालवाहू गाडीच्या हबमध्ये बहुधा निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगे समोरासमोर बसवलेली असतात. एक आतल्या बाजूस, एक बाहेरच्या बाजूस. हबमध्ये घट्ट बसणाऱ्या बाहेरच्या कड्याला कारागीर ‘कप’ म्हणतात आणि रोलरसह आतल्या कड्याला ‘कोन’ म्हणतात. या निमुळत्या रोलरचे पेटंट अमेरिकेतील हेन्री टिमकेन यांना १८९८ साली मिळाले. ते घोडागाड्या बांधणारे कारखानदार होते. भरलेली गाडी वळणावर वळताना चाकावर केवळ वरून नव्हे, तर बाजूनेही दाब येतो. तो सरळ रोलरला सोसवत नाही, हे ओळखून त्यांनी रोलर निमुळता केला. आजही आपल्या ट्रकचे चाक याच युक्तीवर फिरते.

एका कापडगिरणीची गोष्ट

वारंवार निकामी होणाऱ्या बेअरिंगचे निदान कसे करावे, याचे उत्तम उदाहरण स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरी घडले. तेथील एका कापडगिरणीची जमीन चिकणमातीची होती व ती असमान खचत असे. जमीन खचली की सर्व यंत्रांना गती देणारे लांब दांडे सरळ रेषेतून ढळत आणि त्यांची बेअरिंगे एकामागून एक निकामी होत. गिरणीतील अभियंते स्वेन विंगक्विस्ट यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक, परदेशातून नवी बेअरिंगे मागवीत राहणे; दुसरा, ती का जातात हे पाहणे. त्यांनी दुसरा मार्ग धरला. दोष बेअरिंगच्या पोलादात नसून दांडा तिरका होण्यात आहे, हे ठरल्यावर त्यांनी दांड्याचा थोडा तिरकेपणा स्वतःच सांभाळून घेणारे दुहेरी गोळ्यांचे बेअरिंग १९०७ साली तयार केले. त्याच वर्षी एस. के. एफ. ही कंपनी स्थापन झाली. पुढे १९६० च्या दशकात पुण्याजवळ चिंचवड येथे त्या कंपनीचा कारखाना उभा राहिला. एवढ्या मोठ्या उद्योगाचा उगम ‘पुन्हा का गेले?’ या एका प्रश्नात आहे, ही गोष्ट व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

प्रथम वही, मग पाना

निदानाचा आरंभ गॅरेजमध्ये होत नाही, वहीत होतो. रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला हे काम जड नाही. प्रत्येक गाडीच्या नावे एक पान घालून बेअरिंग बदलल्याची तारीख, मीटरवरील किलोमीटर, कोणते चाक, आतले की बाहेरचे बेअरिंग, कोणत्या दुकानातून घेतले, कोणी बसवले, त्या महिन्यातील माल व मार्ग कोणता, एवढे टिपावे. तीन-चार नोंदी झाल्या की ती वही आपण होऊन बोलू लागते.

एकाच चाकाचे बेअरिंग वरचेवर जात असेल आणि बाकीची ठीक असतील, तर कारण त्या चाकापाशीच आहे. बसण्याची जागा झिजली असेल, ब्रेक अडकत असेल, किंवा ॲक्सल वाकला असेल. सर्व चाकांची बेअरिंगे थोड्याफार अंतराने जात असतील, तर कारण सर्वांना समान आहे. ग्रीस, अतिभार, बसवण्याची पद्धत किंवा मालाची बनावट यांपैकी काहीतरी चुकत आहे. केवळ पावसाळ्यात जात असतील तर पाण्याचा संशय घ्यावा. बसवल्यावर थोड्याच दिवसांत जात असतील तर बसवणाऱ्याच्या हाताकडे व नटाच्या घट्टपणाकडे पाहावे. अशा रीतीने दहा संशयितांतून आठ आधीच सुटतात.

गेलेल्या बेअरिंगची साक्ष

दुसरा नियम असा की, काढलेले बेअरिंग भंगारात टाकू नये. ते स्वच्छ पुसून, कप, कोन व सील एकत्र बांधून, त्यावर चाकाचे नाव व तारीख लिहून ठेवावे. त्याच्या अंगावर रोगाची खूण असते.

पोलाद तपकिरी किंवा निळसर झाले असेल तर चाक फार तापले होते. लालसर गंजाचे डाग रोलरच्या अंतराने उमटले असतील तर आत पाणी जाऊन गाडी उभी राहिली होती. सर्व पृष्ठभाग निस्तेज, करडा व बारीक ओरखड्यांचा असेल तर धूळ शिरली आहे. रोलरच्या अंतरावर समान खळगे असतील तर बसवताना हातोड्याचा मार बसला आहे किंवा चाकाला जबर धक्का लागला आहे. कपचे पापुद्रे एकाच बाजूला निघाले असतील तर बेअरिंग तिरके बसले आहे. कपच्या बाहेरील अंगावर चकाकी व घासल्याच्या खुणा असतील तर तो हबमध्ये घट्ट न बसता स्वतःच फिरत होता. अशा हबमध्ये कितीही उत्तम बेअरिंग घातले तरी ते टिकणार नाही.

आणखी एक खूण क्वचित दिसते. कपवर धुण्याच्या फळीसारख्या समान रेघा असतात. ही विजेची करणी आहे. ट्रकच्या बॉडीला वेल्डिंग करताना अर्थची तार दूर कोठेतरी लावली, तर वीज चाकातून वाट काढते आणि बेअरिंगच्या आत ठिणग्या पडतात. आपल्याकडे फाळके व पत्रे वरचेवर जोडावे लागतात; तेव्हा अर्थची तार जोडाच्या अगदी जवळ लावावी, असा आग्रह धरावा.

नेहमीची कारणे

पहिले कारण नट. निमुळत्या रोलरचे बेअरिंग फार आवळले तर ते तापून ग्रीस जाळते. सैल ठेवले तर चाक डुलते, भार रोलरच्या टोकावर येतो आणि सीलही फाटते. चाक हाताने फिरवीत नट आवळून रोलर नीट बसू द्यावेत, मग निर्मात्याच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तो मागे घ्यावा व कुलूप-वॉशर लावून पक्का करावा. अशा जड चाकात ठेवावयाची मोकळीक बहुधा एक ते पाच हजारांश इंच, म्हणजे ०.०२५ ते ०.१२५ मिलिमीटर इतकीच असते. ही मोकळीक डायल गेजने मोजतात. वहीच्या कागदाएवढे अंतर केवळ हाताच्या अंदाजाने ठरवणारा कारागीर कुशल असला, तरी त्याला मोजमापाचे साधन देणे मालकाच्या हिताचे आहे.

दुसरे कारण ग्रीस. साधे कॅल्शियमचे ग्रीस सुमारे शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पातळ होऊन गळते. लिथियमचे सुमारे १८० अंशांपर्यंत तग धरते. निरनिराळ्या जातींची ग्रीसे एकत्र केली तर कित्येकदा मिश्रण दोहोंपेक्षाही पातळ होते. म्हणून जुने पूर्ण धुऊन मगच नवे भरावे. रोलरच्या आत ग्रीस दाबून भरावे, पण हबची पोकळी ठासून भरू नये. अति ग्रीस घुसळले जाऊन तापते. उघड्या डब्यात गोदामाची धूळ बसलेले ग्रीस वापरण्यापेक्षा दुरुस्ती एक दिवस पुढे ढकलणे बरे.

तिसरे कारण पाणी. आपल्या जिल्ह्यात पावसाळ्यात नाल्यांवरील रपट्यांवरून पाणी वाहते. दूर चालून आलेले गरम हब एकदम थंड पाण्यात बुडाले की आतील हवा आकसते आणि झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. गाडी धुताना जोराचा फवारा थेट हबवर मारला तरी पाणी आत जाऊ शकते. म्हणून बेअरिंग बदलताना जुने सील परत घालण्याची काटकसर करू नये.

चौथे कारण ब्रेक. ब्रेकचे शू नीट मागे सरकत नसतील तर ड्रम अखंड घासतो, उष्णता हबमध्ये उतरते आणि ग्रीस पातळ होऊन सीलबाहेर येते. अशा वेळी बेअरिंग केवळ ब्रेकच्या रोगाने मरते.

पाचवे कारण झिजलेली जागा. पूर्वी कधी बेअरिंग जखडून फिरले असेल तर ॲक्सलच्या टोकाची जागा किंवा हबचे भोक मोठे झालेले असते. तेथे पत्र्याची पट्टी घालणे किंवा पंचाने ठोकून दाणे उठवणे हा इलाज नव्हे. मायक्रोमीटरने मोजून तो भाग बदलणे किंवा जाणत्या कार्यशाळेत नीट करून घेणे हाच इलाज.

सहावे कारण बनावट माल. प्रसिद्ध नावांच्या पेट्यांत हलकी किंवा जुनी घासून चकाकवलेली बेअरिंगे विकली जातात. भाव फार उतरलेला दिसला तर धान्यात जी शंका घ्यावी तीच येथे घ्यावी, आणि पक्के बिल घेऊन अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी.

अतिभाराचा हिशेब

सातवे कारण आपल्या स्वतःच्या हातचे आहे, म्हणून ते वेगळे सांगतो. शास्त्रज्ञांनी बेअरिंगच्या आयुष्याचे जे गणित बसवले आहे, त्यानुसार शंभरांपैकी नव्वद बेअरिंगे जितके फेरे निश्चित पार करतात, त्यास बेअरिंगचे आयुष्य म्हणतात. हे आयुष्य भाराच्या सरळ प्रमाणात घटत नाही, फार वेगाने घटते. रोलरच्या बेअरिंगवर भार सव्वापट झाला की आयुष्य निम्म्याहूनही कमी होते; दीडपट झाला की जवळजवळ चतुर्थांश उरते; दुप्पट झाला की केवळ दहावा हिस्सा.

हे आपल्या भाषेत मांडू. मागील ॲक्सलवर १० टन भार आहे. त्यावर ५० किलोची आणखी ५० पोती मागच्या बाजूस चढवली, म्हणजे अडीच टन वाढले. भार झाला १२.५ टन, म्हणजे सव्वापट. भाड्यात लाभ झाला ५० पोत्यांचा. पण त्या भाराखाली धावलेल्या प्रत्येक किलोमीटरने बेअरिंग दुपटीहून अधिक झिजवले. शिवाय कायदा आहेच. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने चार टायरच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली, तरी गाडीच्या नोंदणीपत्रात लिहिलेले वजन हेच आपले प्रमाण मानावे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अतिभारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड सांगितला आहे. धर्मकाट्याची पावती केवळ मालासाठी नव्हे, चाकासाठीही पाहावी. पोती एका अंगाला जास्त रचली तर एकूण वजन नियमात असूनही एका बाजूची बेअरिंगे अतिभारात असतात, हेही विसरू नये.

एक उदाहरण

माझ्या पाहण्यातील एका गाडीचे मागील डावे आतले बेअरिंग एकाच हंगामात तीन वेळा गेले. दुसऱ्या वेळी कंपनी बदलली, तिसऱ्या वेळी ग्रीस बदलले, आणि त्यानंतर चालक बेपर्वा आहे असे ठरून त्याला काढण्याची भाषा सुरू झाली. एका वृद्ध कारागिराने तिन्ही जुनी बेअरिंगे मागवली. तिन्ही तपकिरी झालेली. गंज नाही, खळगे नाहीत. उजव्या चाकाचे बेअरिंग मात्र स्वच्छ होते. म्हणजे भार, रस्ता व ग्रीस दोन्ही चाकांना समान असूनही उष्णता एकाच चाकात होती. त्याने दोन्ही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवली. उजवे काही फेरे फिरले. डावे अर्ध्या फेऱ्यात थांबले. ब्रेकच्या कॅम शाफ्टचा बुश गंजून शाफ्ट अडकत होता आणि शू मागे येत नव्हते. बुश बदलला, शूच्या स्प्रिंगा नव्या घातल्या, आणि ती तक्रार संपली.

या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. चालक आरंभापासून सांगत होता की, ‘गाडी जड ओढते, डिझेल जास्त लागते.’ डिझेलच्या वहीतही ते दिसत होते. त्याचे बोलणे सबब म्हणून सोडून दिले गेले होते. जो माणूस दिवसातून दहा तास त्या चाकावर बसतो, त्याची साक्ष प्रथम घ्यावी. आणि कारण सापडण्यापूर्वी कोणाच्याही पगाराला हात लावू नये. शिक्षेच्या भीतीने चालक आवाज लपवू लागला, तर आपण आपला सर्वांत चांगला पहारेकरी गमावतो.

शर्यतीच्या मार्गावरील मोटार

अलीकडे आपल्या घरांतील काही तरुण हौसेने आपली मोटार शर्यतीच्या मार्गावर चालवावयास नेतात. ग्रेटर नोएडा येथील बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटर लांबीचे आहे. २०११ ते २०१३ या काळात तेथे फॉर्म्युला वन शर्यती झाल्या. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथेही असा मार्ग आहे. तेथून आलेल्या गाडीचे बेअरिंग वरचेवर गेले, तर निदानाची रीत हीच.

अशा मोटारीच्या पुढच्या चाकात बहुधा बंद जोडबेअरिंग असते. त्यात नवे ग्रीस भरता येत नाही. वेगाने वळताना बाहेरच्या बाजूच्या चाकांवर भार लोटतो. बुद्ध सर्किटवर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, म्हणून डाव्या चाकांना अधिक सोसावे लागते. तेथे डावे बेअरिंग आधी गेले तर भाराचा परिणाम असू शकेल. पण दरवेळी उजवेच गेले तर भाराला दोष न देता त्या चाकाची बसण्याची जागा व ब्रेक तपासावा. रुंद, चिकट टायर आणि चाक बाहेर काढण्यासाठी घातलेल्या चकत्या बेअरिंगवरील पीळ वाढवतात. ब्रेकची उष्णता ग्रीस जाळते. तसेच ॲक्सलचा नट ठरलेल्या जोराने आवळण्यापूर्वी गाडीचे वजन चाकावर टेकवले तर नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी दुखावते. घरच्या वडीलधाऱ्यांनी हौसेला नकार न देता, मार्गावर जाण्यापूर्वी व परतल्यावर चाके तपासण्याची अट घालावी.

नित्याची पाहणी

बेअरिंग बहुधा सूचना देऊन जाते. वेगाबरोबर वाढणारी घरघर, वळणावर बदलणारा आवाज, हबमधून बाहेर आलेले ग्रीस, एका चाकाचा इतरांपेक्षा अधिक तापलेला हब, ह्या त्या सूचना होत. मुक्कामावर चारही हबांचे तापमान लहानशा इन्फ्रारेड तापमापकाने पाहावे. हात लावून पाहू नये, भाजते. आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातील फरक अधिक बोलका असतो. महिन्यातून एकदा, सपाट जागी, दुसऱ्या चाकांना अटकाव लावून आणि जॅकबरोबर भक्कम ठोकळ्याचा आधार देऊन चाक उचलावे, वर-खाली धरून हलवावे व फिरवून ऐकावे. घरघर स्पष्ट झाल्यावर ‘ही खेप टाकून येऊ, मग पाहू’ असे म्हणू नये. भरलेली गाडी उभी करून माल दुसऱ्या गाडीत घेण्याचा खर्च सोसावा.

हंगाम येण्यापूर्वी आपण काटा तपासतो, ताडपत्र्या उन्हात घालतो, बारदाना मोजतो. त्याच यादीत चाकांची पाहणी आणि प्रत्येक गाडीच्या नावे एक पान, एवढी भर सर्व सभासद बंधूंनी या वर्षापासून घालावी, अशी नम्र विनंती आहे.